खाट नंबर सातचं शेवटचं पान

४ नोव्हेंबर

ताई,

नमस्कार. "आम्ही सगळे मजेत आहोत, तुम्हीही मजेत असाल" हे वाक्य मी दोनदा लिहिलं आणि दोनदा कागद बदलला. आम्ही सगळे म्हणजे मी एकटी. आणि तू मजेत असशील असं अकरा वर्षांनी परस्पर ठरवून टाकण्याचा मला काय अधिकार? तेव्हा एवढंच विचारते, की तुझी पाठ कशी आहे आणि भाऊजींचा गुडघा जिना चढू देतो का. पत्ता भाचीने दिला. तिच्यावर रागावू नकोस, मीच फार मागे लागले होते.

माझं बरं चाललंय. छापखान्यात अजून प्रुफंच तपासते. गेल्या महिन्यात एका लग्नपत्रिकेत वराचं नाव दोन्हीकडे पडलं होतं, ते मी पकडलं. मालक म्हणाले, तुम्ही नसता तर त्या मुलाचं स्वतःशीच लग्न लागलं असतं. डायरीही चालू आहे. चष्म्याचा नंबर वाढलाय.

लिहायचं कारण वेगळं आहे. आपल्या सिनेगॉगच्या हॉलमध्ये डिसेंबरच्या पहिल्या रविवारी मेळावा भरतोय, ज्यू लेखक आणि त्यांचं लेखन यांच्यासाठी. जगभरच्या लेखकांची पुस्तकं असतीलच, पण आपल्यातले जे लिहीत होते आणि कधी कुठे छापले गेले नाहीत, त्यांचंही वाचन होणार आहे. ही सगळी कल्पना दंतवैद्यबाईंची. आता त्या सिनेगॉगच्या समितीच्या अध्यक्ष आहेत. माणसं त्यांच्या खुर्चीत तोंड उघडून बसलेली असतानाच त्या कामं वाटतात, त्यामुळे आजवर कोणी नाही म्हणू शकलेलं नाही. माझी दाढ दुखत होती, म्हणून मी चिटणीस झाले.

हो, आणखी एक. प्रदर्शनासाठी जुनी पुस्तकं हवी होती, म्हणून हॉलच्या मागचं ते कपाट उघडलं. फाटकी प्रार्थनेची पुस्तकं ठेवतो ते. देवाचं नाव असलेलं पान टाकायचं नसतं, म्हणून सगळं त्यात जातं आणि कपाट भरलं की कब्रस्तानात मातीत. तुला लहानपणी वाटायचं की आत कोणीतरी राहतं. तर त्या कपाटात एक गठ्ठा सापडला. आईच्या अक्षरातला. ती नर्स होती तेव्हाचे हॉस्पिटलमधले तापाचे जुने तक्ते आणि त्यांच्या पाठकोऱ्या बाजूंवर गोष्टी. सगळ्या आहेत. "खाट नंबर सात"सुद्धा आहे. पहिलं वाक्य तुला पाठ असेल: "खाट नंबर सातच्या शिंप्याला डोळे बांधलेले असतानाही माझा ॲप्रन तिरका आहे हे कळलं." मी कपाटासमोर फरशीवर बसूनच वाचलं आणि हसले.

म्हणजे गठ्ठा हरवला नव्हता. आनंदाची गोष्ट आहे. तुला कळावं म्हणून लिहिलं.

मेळाव्याला आलीस तर फार बरं वाटेल.

तुझी बहीण


१९ नोव्हेंबर

ताई,

तुझं उत्तर आलं नाही, आणि यावं असं माझ्या पत्रात काही नव्हतंच. भाचीचा फोन आला होता. म्हणाली, आईने पत्र वाचलं, घडी करून साखरेच्या डब्याखाली ठेवलं आणि भाजी चिरताना एवढंच म्हणाली, "तिथे कसा गेला, ते नाही लिहिलं तिने."

बरोबर आहे. चार पानं लिहिली, आणि नेमकं तेवढंच लिहिलं नाही. दुसऱ्यांच्या मजकुरात गळलेली ओळ मला लगेच दिसते.

तर लिहिते. गठ्ठा उशीच्या अभ्र्यात होता. हिरव्या काठाचा, कोपऱ्यावर तू सातवीत भरलेला गुलाब, ज्याला आई मरेपर्यंत कोबी म्हणत होती. अभ्र्यात पप्पांची तीन फाटकी प्रार्थनेची पुस्तकं होती आणि त्यांच्यामध्ये आईचे तक्ते. पप्पा गेल्यावर ती पुस्तकं कोणी उघडत नव्हतं. म्हणूनच आईला ती जागा सुरक्षित वाटली असणार.

अभ्रा मी दिला होता. आई हॉस्पिटलमध्ये होती, तू तिच्यापाशी होतीस, आणि मी घर आवरत होते. घर आवरलं की आई बरी होऊन येईल असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. पप्पांची पुस्तकं वाळवीने खाल्लेली दिसली. ती उचलली, अभ्र्यात भरली, तोंडाला गाठ मारली आणि सिनेगॉगच्या रखवालदारकाकांच्या हातात नेऊन दिली. आत पाहिलं नाही. छापायला जाणारी प्रत्येक ओळ मी तीन वेळा वाचते, पण एक पुस्तक उघडून पाहिलं नाही. आपण फार पुण्याचं काम करतोय असं वाटत होतं ना, मग कशाला बघेन.

पुढे काय झालं ते तुला माहीत आहे. आई गेली. लोक बसायला येणार म्हणून जागा करायला तू जुन्या वर्तमानपत्रांचे तीन गठ्ठे रद्दीवाल्याला दिलेस. नंतर आईचं लिखाण कुठेच मिळेना. आणि तिसाव्या दिवशीच्या प्रार्थनेला सगळे जमले असताना मी मामीसमोर, समितीसमोर, निम्म्या आळीसमोर म्हणाले की ताईने आईच्या गोष्टी रद्दीत घातल्या, माझ्या डायरीत तारखेसकट आहे. तू काही बोलली नाहीस. पिशवी उचललीस आणि गेलीस. त्या गप्प राहण्याचा अर्थ मी माझ्या सोयीचा लावला.

डायरीत तारीख होतीच. "ताईने रद्दी दिली, तीन गठ्ठे." आणि त्याच्या सोळा दिवस आधी, माझ्याच अक्षरात, "पप्पांची पुस्तकं, उशीचा अभ्रा, रखवालदारकाका." मी एक पान दाखवलं आणि दुसरं नाही.

कपाट उघडलं तेव्हा दंतवैद्यबाईंनी विचारलं, हे कोणी ठेवलं इथे? मी म्हणाले, कोण जाणे. रखवालदारकाका किल्ली हातात घेऊन माझ्याकडे बघत होते. त्यांना आता ऐकू कमी येतं, पण आठवतं सगळं. ते काही बोलले नाहीत. आपल्या घरातल्या चुका झाकायला माझ्याभोवती नेहमी अशी न बोलणारी माणसं कशी मिळतात?

चूक माझी होती, ताई. तुझी अजिबात नव्हती. हे वाक्य मी सरळ कागदावर लिहिलं आहे, कच्च्या कागदावर आधी लिहून पाहिलेलं नाही.

मेळाव्यात "खाट नंबर सात" वाचायची आहे. मीच वाचणार, कारण आईचं अक्षर दुसऱ्या कोणाला लागत नाही. पण शेवटचं पान नाही. शिंप्याने डोळ्यांवर पट्टी असतानाच नर्सचा ॲप्रन नुसत्या हाताच्या अंदाजाने उसवून पुन्हा शिवलाय. शिवण वाकडी झालीये, आणि ती मात्र त्याला सांगते की एकदम सरळ झाली. तो ॲप्रन घालून ती चार दिवस वॉर्डात फिरते, बाकीच्या नर्सेस हसतात, मेट्रन बोलावून घेते. मग पट्टी काढायचा दिवस येतो, शिंपी डोळे किलकिले करून म्हणतो, "आता दाखवा तो ॲप्रन," आणि तक्ता संपतो. दंतवैद्यबाई म्हणतात, शेवट आपणच लिहू. मी म्हणाले, मेले तरी नाही. जिथे तुटते तिथेच थांबेन. लोकांना काय वाटायचं ते वाटो.

यायचं की नाही ते तुझ्यावर.

तुझी बहीण


९ डिसेंबर

ताई,

मेळाव्याच्या आदल्या गुरुवारी तुझं पाकीट आलं. पत्र नव्हतं. एकच कागद, चार घड्या घातलेला, इतक्या जुन्या की घड्यांवर कागद पारदर्शक झालाय. मी तो छापखान्यात, प्रुफांच्या टेबलावर उघडला. एका बाजूला तापाचा तक्ता. बाकी सगळे तक्ते अनोळखी माणसांचे आहेत, कधीच्या काळी बरे होऊन घरी गेलेल्यांचे. यावर आईचं नाव होतं. तिचाच ताप, नऊ दिवसांचा, निळ्या पेन्सिलीने चढत गेलेला. आणि मागे तिचं अक्षर, थोडं घसरलेलं. गोष्टीचा शेवट.

खाली कडेला तुझी पेन्सिल. "शेवटच्या आठवड्यात दिलं तिने. गठ्ठ्याला जोड म्हणाली. घरी येऊन शोधला, मिळाला नाही. हळू वाच. तू घाई करतेस."

मी टेबलावरून उठून बेसिनपाशी गेले आणि नळ सोडून उभी राहिले. मालकांनी विचारलं काय झालं. मी म्हणाले, ताई रागावलीय. ते म्हणाले, मग एवढं हसताय कशाला?

आता रविवारचं सांगते. सगळं सांगते.

खुर्च्या एकशे वीस होत्या. दंतवैद्यबाई म्हणाल्या होत्या, ऐंशी आले तरी जत्रेसारखी गर्दी समजा. साडेदहाला खुर्च्या संपल्या. अकरा वाजता त्यांच्या दवाखान्यातली बाकं उचलून आणली, त्यावर "कृपया रांगेने बसा" असं लिहिलेलं तसंच होतं. मग प्रार्थनेच्या हॉलमधून आणखी आणली. मग लोक खिडक्यांच्या कट्ट्यावर बसले. दोनशेच्या वर होते, आणि त्यातले निम्मे आपल्यातले नव्हतेच. कॉलेजची मुलं, वाचनालयातल्या बायका, माझ्या छापखान्यातले तिघे कंपोझिटर इस्त्रीचे शर्ट घालून. एका टेबलावर जगातल्या कुठल्या कुठल्या देशांतल्या ज्यू लेखकांची पुस्तकं मांडली होती, त्यातली कित्येक मी पहिल्यांदाच पाहिली. लोक ती पुस्तकं उभ्याउभ्या वाचत होते, म्हणून रांग पुढे सरकतच नव्हती. मागचे भांडायला लागले, आणि त्या भांडणाचं रूपांतर शेवटी गप्पांत झालं. शेजारच्या टेबलावर आपल्याच लोकांचं. कोणाच्या आजोबांची बोटीवरची रोजनिशी, कोणाच्या काकूचे अभंगाच्या चालीवरचे प्रार्थनेचे शब्द, एका घड्याळजीने गिऱ्हाइकांवर लिहिलेली टिपणं, ज्यांत प्रत्येक माणूस किती उशिरा येतो ते लिहिलंय. आणि मधोमध काचेखाली तुझा अभ्रा. मी चिठ्ठी लावली होती, "गुलाब. भरतकाम: लेखिकेची थोरली मुलगी." एक आजोबा वाकून म्हणाले, कोबी छान काढलाय.

गणिताच्या सरांनी आपली दीर्घ कविता वाचली. ती खरोखरच दीर्घ आहे. तेराव्या कडव्यानंतर पहिल्या रांगेतून दंतवैद्यबाई त्यांच्या दवाखान्यातल्या आवाजात म्हणाल्या, "झालं, आता तोंड मिटायला हरकत नाही," आणि अख्खा हॉल हसला, सरांसकट. आभार मानताना बाईंनी समितीच्या आळसाचेही जाहीर आभार मानले. कब्रस्तानाच्या कुठल्या कोपऱ्यात पुस्तकं पुरायची यावर समितीचं अकरा वर्षं एकमत झालं नाही, म्हणून आजचं हे साहित्य वाचलं, असं त्या म्हणाल्या.

मग माझी पाळी. पहिलं वाक्य मी घाईत वाचलं. तुझी पेन्सिल आठवली. थांबले, आणि पुन्हा पहिल्यापासून, हळू.

ताई, लोक हसले. तिरक्या ॲप्रनला हसले, मेट्रनला हसले, शिंपी न पाहता डॉक्टरांच्या कोटाचं माप सांगतो तिथे तर एक बाई डोळे पुसायला लागल्या. आई वीस वर्षं ज्या गोष्टी स्वयंपाकघरात आपल्या दोघींना वाचून दाखवायची, आणि आपण "आई, पुरे" म्हणायचो, त्याच. शब्द न शब्द त्याच. मला वाटायचं, मुली म्हणून आपल्याला त्या आवडतात. तसं नाही. त्या चांगल्याच आहेत.

शेवटच्या पानाशी आले. हॉलमध्ये पंख्यांचा आवाज येत होता. तू पाठवलेला कागद उघडला आणि वाचला. शिंपी ॲप्रन खिडकीपाशी नेतो, टाका न टाका बघतो. शिवण सरळ निघाली होती आणि मध्येच डावीकडे वळली होती, "जशी तिला वाटेत कोणी ओळखीचं भेटलं." नर्स म्हणते, उसवू का? आणि शिंपी म्हणतो, "नको. वाकडी आहे, पण माझी आहे. कोणी विचारलं तर माझं नाव सांगा."

गोष्ट तिथे संपते. टाळ्या सुरू झाल्या, खूप वेळ वाजल्या. मला खाली यायचं होतं, खुणेने बाई बोलावतही होत्या. मामी दुसऱ्या रांगेत, त्या तिसाव्या दिवशीचे जवळजवळ सगळे आसपास बसलेले. मी माइकपाशी परत गेले. काही लिहून नेलं नव्हतं.

म्हणाले, "हा गठ्ठा माझ्या ताईने रद्दीत घातला, असं मी अकरा वर्षांपूर्वी तुमच्यासमोर म्हटलं होतं. ते खरं नव्हतं. तो न बघता मी इथल्या कपाटात आणून दिला होता. आत्ता वाचलं ते शेवटचं पान मात्र ताईने सांभाळलं, माझी बोलणी खाऊन."

मग दंतवैद्यबाई उभ्या राहिल्या आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "तुमच्या ताई कुठे आहेत?"

आणि सगळा हॉल मागे वळला. दोनशे माणसं, खिडक्यांतली धरून. तू दारात उभी असशील असंच सगळ्यांना वाटलं. दारात फक्त रखवालदारकाका होते. मी म्हणाले, ती आलेली नाही, तिने पान पाठवलं. तरी लोकांनी दाराकडे तोंड करूनच टाळ्या वाजवल्या. उभं राहून. काकांना काय चाललंय ते ऐकू आलेलं नव्हतं, ते गोंधळले आणि त्यांनी सगळ्यांना हात जोडले. त्या टाळ्या तुझ्या होत्या, ताई. मी फक्त पोचवते आहे.

मामी, जिने ती गोष्ट अकरा वर्षं घरोघर पोचवली, मला मिठी मारून म्हणाली, मला तेव्हाच वाटलं होतं. तिला बोलायला माझ्याकडे तोंड नाही.

कारण स्टेजवर एक गोष्ट राहिली, ती लोकांची नाही, तुझी आहे. दुसऱ्या पत्रातही मी ती गाळली. तिथे लिहिलं की चूक झाली. चूक पहिली दोन वर्षं होती. आई गेल्यानंतर दोन वर्षांनी तिच्या ऑपरेशनची तारीख बघायला मी ती डायरी काढली आणि दोन्ही नोंदी लागोपाठ वाचल्या. तेव्हाच मला शंका आली. कपाटाची किल्ली हॉलच्या दारामागे खिळ्याला असते, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मी दर शनिवारी शब्बाथच्या प्रार्थनेला त्या किल्लीवरून गेले. नऊ वर्षं. आणि चार वर्षांपूर्वी समितीत ठराव आला की कोपऱ्याचा वाद पुरे, कपाटातलं सगळं याच महिन्यात पुरून टाकू, तेव्हा बाजूने हात वर करणाऱ्यांत मी होते. आत आईच्या गोष्टी असू शकतात हे मला माहीत होतं, तरी हात वर केला. पुरलं गेलं असतं तर मला कधीच काही कळलं नसतं, आणि तेच मला हवं होतं. ठराव दोन मतांनी पडला. आईला समितीच्या भांडणाने वाचवलं, माझ्यापासून.

हे वाचून तू ते पान परत मागितलंस तर मी लगेच पाठवेन. गोष्ट लोकांनी ऐकली आहे, ती आता कोणी पुरू शकत नाही. ते माझ्या हातातून गेलं याचं मला इतकं बरं वाटतंय, की मी पहिल्यांदाच त्या कपाटासमोर उभी राहून डबा खाल्ला.

आता कामाचं. छापखान्याचे मालक रविवारी शेवटच्या रांगेत उभे होते. सोमवारी मी जायच्या आत त्यांनी माझ्या टेबलावर कागदाचे तीन नमुने ठेवले होते. आईचं पुस्तक होणार आहे, बारा गोष्टी, मुखपृष्ठावर एक तापाचा तक्ता. कोणाचा तक्ता घ्यायचा ते तू ठरव. मला तिचाच घ्यावासा वाटतो, पण तो तुझ्याकडचा आहे.

पहिली प्रुफं पुढच्या आठवड्यात निघतील. ती मी तपासणार नाही. सरळ तुझ्याकडे पाठवते आहे. कुठे काय चुकलंय ते तू सांग, तुझ्या पेन्सिलने, हवं तितकं रागावून. एकवीस वर्षं हे काम करते, पण या पुस्तकात माझ्या नजरेवर माझा भरवसा नाही. तुझ्यावर आहे. हे तेव्हाच म्हणायला हवं होतं.

या पत्रात दोन ठिकाणी शाई पसरली आहे आणि मधला एक परिच्छेद वाकडा गेलाय. कागद बदललेला नाही. शाळेत तू मला नाव ठेवलं होतंस, कारण मी वही फाटेपर्यंत खोडत बसायचे. अकरा वर्षांत त्या नावाने मला कोणी हाक मारली नाही.

एकही शब्द न खोडता,

तुझी
खोडरबर